‘मॅडम, माझ्याकडे दिसतंय!’

बसा. फोन बॅगेत. मागच्या बाकावरचं कुजबुजणं बंद.

तुम्ही जमा केलेली पानं काल रात्री घरी उघडून बघितली. काम काय दिलं होतं? आपल्या पेठेबद्दल एक साधं वेब पेज, मराठीतून, स्वतः लिहिलेलं. निम्म्या वर्गाने शनिवारवाडा घेतला. घ्या बापडे, त्याच्या पलीकडेही पुणं आहे हे कधीतरी कळेल. पण वाडा आहे कुठे? माझ्यासमोर नुसती रिकामी चौकट आणि फाटक्या चित्राची खूण. कोड उघडला, तर फोटोचा पत्ता काय दिलाय? सी ड्राइव्ह, युझर्स, पुढे चिरंजीवांचं नाव, मग डाउनलोड्स! माझा ब्राउझर तो फोटो माझ्या कॉम्प्युटरवर शोधत बसला. तिथे ना हे चिरंजीव, ना त्यांचे डाउनलोड्स.

आणि विचारलं की ठरलेलं उत्तर: ‘मॅडम, माझ्याकडे दिसतंय.’ दिसणारच! फोटो तुझ्या घरात, पान तुझ्या घरात. वेब पेज काय स्वतःलाच दाखवायला करतात? दुसरी एक हुशार मुलगी. फोटो शेजारच्या फोल्डरमध्ये नीट ठेवलाय, पत्ताही बरोबर. फक्त फाइलच्या नावात जेपीजी मोठ्या लिपीत आणि कोडमध्ये छोट्या. विंडोज असले लाड करतं. सर्व्हर बहुतेक लिनक्सवर चालतात, ते करत नाहीत. हे मी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी!

आता मराठीकडे येते, कारण खरा संताप तिथे आहे.

एका महाभागाने मजकूर डीव्ही-टीटी सुरेखमध्ये टाइप केलाय. का, तर काकांच्या डीटीपीच्या दुकानात तोच फाँट आहे. माझ्या फोनवर काय उमटलं? रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. अरे, त्या जुन्या फाँटमध्ये आत साठतात ते रोमन अक्षरांचेच आकडे, वरून नुसतं देवनागरीचं चित्र चढवलेलं. फाँट नाही, तर मराठीही नाही. एके काळी मराठी वर्तमानपत्राची साइट वाचायची, तर आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागे. तेव्हा इलाज नव्हता. त्या फाँटांना मी नावं ठेवत नाही, त्यांनी छपाईचं फार मोठं काम केलं. पण आता युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत आणि तुमच्या खिशातल्या प्रत्येक फोनला त्या ठाऊक आहेत.

दुसऱ्याने युनिकोडमध्ये लिहिलं, पण वर यूटीएफ-८ ची ओळ घालायला विसरला. त्यात देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटांचं असतं. ब्राउझरने चुकीचा अंदाज बांधला की त्याचे तीन तुकडे पडतात. म्हणून तुझ्या कसबा पेठेच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेले इंग्रजी ‘ए’ रांगेत उभे आहेत. एका ओळीचा आळस!

तिसऱ्याने तर कहर केला. सगळा निबंध चित्र करून चिकटवला, आठ एमबीचा. त्यातला शब्द गुगलला धड सापडणार नाही, कुणाला सरळ कॉपी करता येणार नाही, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचं स्क्रीन रीडर तिथे मुकं होणार. चित्राच्या ऑल्टमध्ये वर्णनाचे दोन शब्द लिहायचे, तेही नाहीत.

ज्या शहरात १९८८ साली सी-डॅक उभी राहिली, जिथे ‘परम’ महासंगणक घडला, जिथल्या माणसांनी भारतीय लिप्या संगणकावर आणायला आयुष्यं खर्ची घातली, त्या पुण्यात बसून तुम्ही मराठीचे फोटो काढताय? लाज वाटत नाही?

आणि हो, चॅटजीपीटीकडून पान करून घेणारे शहाणे. चकाचक आहे, कबूल. तळाशी ‘लोरेम इप्सम’ हा भरतीचा मजकूर तसाच लोंबतोय. बटण दाबलं तर कुठेच जात नाही. शीर्षकाचा रंग कुठल्या ओळीने आला, असं मघाशी विचारलं, तर साहेब छताकडे बघायला लागले. मदत घ्यायला माझी ना नाही. पण जे आणलं ते वाचायचे कष्ट तरी घ्या! टिम बर्नर्स-ली यांनी वेब बनवलं आणि सर्नने ३० एप्रिल १९९३ ला ते सगळ्यांना फुकट खुलं केलं. आजही कंट्रोल-यू दाबलं की कुठल्याही पानाचा एचटीएमएल समोर येतो. तुमच्यापैकी किती जणांनी दाबून बघितलंय? वर करा हात. हं. बघा.

‘इंटरनेट म्हणजे क्रोम’ असं परीक्षेत लिहिणाऱ्याबद्दल मी आज बोलत नाही. त्याने तास संपल्यावर मला भेटावं.

सोमवारी सगळ्यांनी पान नव्याने आणायचं. नोटपॅडमध्ये लिहिलेलं, युनिकोड मराठीत, फोटो दोनशे केबीच्या आत. जतन करताना शेवटी टीएक्सटी चिकटलंय का तेही बघा, विंडोज ते लपवतं. पान सर्व्हरवर चढवायचं आणि शेजाऱ्याच्या फोनवर, वाय-फाय बंद करून उघडून दाखवायचं. ‘माझ्याकडे दिसतंय’ हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल, त्याने बाहेर उभं राहायचं.

चला, उघडा नोटपॅड.