रुमाल टाकलेली जागा

मी लिंकिन पार्कचा जुना चाहता, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. त्यात तथ्य किती, हे एकदा नीट तपासायचं म्हणून लिहायला बसलोय. हाती फार काही लागेल असं वाटत नाही. पण टाळाटाळ बरीच झाली.

5 सप्टेंबर 2024 ला या बँडने सात वर्षांनी पुन्हा उभं राहत असल्याचं जाहीर केलं आणि दिवंगत गायक चेस्टर बेनिंग्टनच्या जागी एमिली आर्मस्ट्राँग नावाची गायिका पुढे आणली. ‘द एम्टिनेस मशीन’ हे नवं गाणं त्याच दिवशी आलं. भायखळ्याच्या घरात, जेवण झाल्यावर, मी ते लावलं. सुरुवातीला बँडमधला माइक शिनोडा गातो, तोवर ठीक होतं. मग तिचा आवाज आला आणि मी फोन पालथा घातला. गाणं संपायची वाट पाहिली नाही. पाच मिनिटांत कॉलेजच्या ग्रुपवर लिहून मोकळा झालो, ‘चेस्टर नाही तर कसला लिंकिन पार्क? निदान नाव तरी बदला.’ खाली पटापट अंगठे पडले. बरं वाटलं.

नेमकं कशाचं बरं वाटलं? मेलेल्या माणसाची बाजू घेतली याचं? की अंगठ्यांचं?

हा प्रश्न त्या रात्री पडला नव्हता. तो पडला जानेवारी 2026 मध्ये, आणि तोही माझा मला नाही, भाच्याने विचारला म्हणून. बँड भारतात पहिल्यांदाच येत होता. आधी बंगळुरू, मग रविवारी 25 तारखेला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा या संगीत महोत्सवात. आमच्या घरून सात रस्त्याने चालत निघालं तरी रेसकोर्स लांब नाही. माझ्या विशीत हे कुणी सांगितलं असतं, तर मी आदल्या रात्रीच फाटकाशी जाऊन बसलो असतो. आता मी तिकीट काढलं नाही. घरात सांगितलं की तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्व होतं, नाही असं नाही. पण तिकिटाची किंमत पाहून ते जरा जास्तच घट्ट झालं, हेही खरं. आणि तिथे पंचवीस वर्षांच्या पोरांत पोट सुटलेला मी कसा दिसेन, ही धास्ती तर मी कुणापाशीच बोललो नव्हतो.

भाचा डोंबिवलीहून आला, बॅग आमच्याकडे टाकली, गेला आणि रात्री घसा बसवून परत आला. सकाळी चहाच्या वेळी मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. त्याने वाद घातला नाही. बिस्कीट बुडवत एवढंच विचारलं, “मामा, चेस्टरचा शेवटचा अल्बम तू कधी ऐकलास?”

मी काहीतरी पुटपुटलो.

खरं उत्तर असं, की तो अल्बम मी ऐकला नव्हता, त्याची टिंगल केली होती. ‘वन मोअर लाइट’ मे 2017 मध्ये आला. गिटारी मवाळ झालेल्या, चेस्टर ओरडत नव्हता, सरळ पॉप म्हणावं असं ते संगीत. आम्ही जुने चाहते खवळलो. विकले गेले, संपले, मुलींची गाणी करायला लागले... यातलं शेवटचं वाक्य माझं, आणि आज ते लिहितानाही लाज वाटते. जगभर हेच चाललं होतं. चेस्टर त्यावर चिडला होता, मुलाखतीत तसं फाडकन बोललाही होता. त्यावरही आम्ही हसलो. 20 जुलै 2017 ला त्याने स्वतःचा जीव घेतला. एक्केचाळीस वर्षांचा होता. त्या रात्री माझ्या प्रोफाइलवर काळा चौकोन आणि त्याचा फोटो. जो माणूस दोन महिन्यांपूर्वी माझ्या लेखी संपला होता, तो एका रात्रीत अजरामर झाला, आणि मी त्याचा वारसदार.

माझ्या टिंगलीने काही झालं, असं मी म्हणत नाही. तेवढी ऐपत माझ्या शब्दांना नाही, आणि एखाद्याच्या आत्महत्येला असलं एकच सोपं कारण चिकटवणं हाही पुन्हा स्वतःला मोठं करण्याचाच प्रकार. मला वेगळंच टोचतं. जिवंत चेस्टरला बदलायची परवानगी मी दिली नव्हती. मेलेला चेस्टर बदलत नाही म्हणून तो मला चालतो. आता तो म्हातारा होणार नाही, नवा अल्बम काढून मला गोंधळात पाडणार नाही, माझ्याकडे काही मागणार नाही. मग मी नक्की कुणाचा चाहता?

लोकलमध्ये लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. बसणारा येवो न येवो, रुमाल असतो, आणि उभं असलेलं माणूस त्या रुमालाकडे पाहत तिष्ठतं. चेस्टरच्या जागेवर माझा रुमाल होता. पण तिथे मी कुणाला बसू देणार होतो?

गंमत म्हणजे ज्याला मी मूळ गायक समजत होतो, तो मूळ नव्हताच. 1996 मध्ये शाळकरी दोस्तांनी हा बँड सुरू केला तेव्हा त्याचं नाव झीरो होतं आणि गायचा मार्क वेकफिल्ड. तो बँड सोडून गेल्यावर गायकाचा शोध सुरू झाला आणि 1999 मध्ये ॲरिझोनातून चेस्टर आला. म्हणजे तोही बदलीवरच आलेला. ‘हायब्रिड थिअरी’ 2000 च्या ऑक्टोबरात आला आणि त्यानंतर वेकफिल्डचं नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. नव्या अल्बमचं नाव त्यांनी ‘फ्रॉम झीरो’ ठेवलं ते याच जुन्या नावावरून. हे मला ठाऊक असायला हवं होतं. जुना चाहता ना मी?

बरं, ‘एसी/डीसी’चं काय? बॉन स्कॉट फेब्रुवारी 1980 मध्ये गेला आणि जुलैमध्ये ब्रायन जॉन्सनला घेऊन त्यांनी ‘बॅक इन ब्लॅक’ काढला. पाच महिन्यांत! हा अल्बम माझा जीव की प्राण. तो ऐकताना बॉन स्कॉटसाठी माझा घसा कधी दाटला? कधीच नाही. कारण ते दुःख माझ्या जन्माआधीचं होतं. दुसऱ्याचा रुमाल आपण बेलाशक उचलतो.

आपल्याकडे तर हा खेळ याच्याही आधी झालाय. किर्लोस्कर नाटक मंडळीत भाऊराव कोल्हटकर गात, तेव्हा लोक त्यांच्या नावाने वेडे होते. 1901 मध्ये ते गेले आणि मंडळीचा प्राणच गेला अशी स्थिती झाली. 1905 मध्ये नारायण राजहंस नावाचा कोवळा मुलगा, पुढचा बालगंधर्व, शकुंतला म्हणून उभा राहिला. ज्यांनी भाऊरावांना ऐकलं होतं, ते प्रेक्षक थिएटरात बसलेले असणारच. त्यांच्यापैकी किती जण हाताची घडी घालून बसले असतील? आणि पुढे 1913 मध्ये हाच बालगंधर्व कंपनी सोडून गेला, मग दीनानाथ मंगेशकर किर्लोस्करांत आले, तेव्हा ‘बालगंधर्वांची सर नाही’ म्हणत पुन्हा कुणीतरी घडी घातलीच असेल. माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत येईतो बालगंधर्व म्हणजे संगीत नाटकाची सुरुवातच होऊन बसली होती.

इतिहासाने माझी सुटका होत नाही मात्र. ‘सगळेच असं करतात’ ही फार सोयीची पळवाट. आणि एक पळवाट मी याआधीही काढली होती, ती इथे सांगून टाकतो.

एमिलीचं नाव जाहीर झाल्यावर लगेच तिच्याबद्दल एक गोष्ट वर आली. एका नटावरच्या खटल्यात सुरुवातीच्या एका सुनावणीला ती त्याच्या बाजूने हजर राहिली होती. तो नट 2023 मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला. तिने जाहीर खुलासा केला, की माणूस ओळखण्यात आपली चूक झाली आणि नंतर त्याच्याशी आपण कधी बोललोही नाही. चेस्टरच्या घरच्यांपैकी काहींनी या सगळ्यावर उघड नाराजी बोलून दाखवली. तिचा खुलासा पुरेसा आहे की नाही, यावर दोन मतं असू शकतात, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या रागाला मोजमाप लावणारा मी कोण? पण मी काय केलं? ती बातमी वाचून मला हायसं वाटलं. हो, हायसं. पीडित बायकांचा विचार माझ्या मनात नंतर आला, बराच नंतर. आधी आलं ते हे, की चला, आता मला ती न आवडण्यासाठी चांगलं कारण मिळालं. दुसऱ्याच्या यातनेचा मी माझ्या नावडीला टेकू केला. या लिखाणातली सगळ्यात वाईट गोष्ट बहुतेक हीच असावी. की पुढची?

आमच्या चाळीत भजनी मंडळ आहे. चाळीत बहुतेक सगळी कोकणातली, गिरणीत लागलेली माणसं, दोन बुवांनी समोरासमोर भजन गायच्या डबलबारीची परंपरा. मंडळाचे बुवा आमच्याच मजल्यावर राहत. मी बारावीत होतो, त्या वर्षी दर गुरुवारी रात्री त्यांची तालीम चाले. पखवाजाची थाप भिंतीतून यायची, कोरस चढत जायचा, आणि मी खिडकी लावून कानात हेडफोन खुपसून ‘हायब्रिड थिअरी’ ऐकायचो. बुवांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणूनच चेस्टरचा आवाज वाढवायचो. सरळ सांगायचं तर एवढाच बुवांशी माझा सांगीतिक संबंध.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत बुवा गेले. मंडळ दोन वर्षं बंद राहिलं. मग त्यांची सून उभी राहिली. नोकरी करून, दोन मुलं सांभाळून तिने पेटी पुढ्यात ओढली. गणपतीत पहिली बारी होती. बुवांची पट्टी काळी दोन, तिने काळी चार धरली; पखवाजवाल्याला पखवाज पुन्हा चढवून घ्यावा लागला, कोरसवाल्या काकांचे आवाज वर फाटायला लागले. रूपाचा अभंग झाला, गवळण झाली. गजर सुरू होण्याआधी जी क्षणभर शांतता होते, त्या शांततेत मागे सतरंजीवर बसून मी शेजारच्याला म्हणालो, “बुवांची सर नाही.” हळू म्हणालो, पण एवढं हळू नाही. तिने मान वळवली नाही. भात्यावरचा तिचा हात मात्र थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

मी! ज्याने बुवांना आयुष्यात एकदा धड ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर आई म्हणाली, “बुवा होते तेव्हा कधी फिरकला नाहीस, आता कसला दर्दी झालास रे?” मी ते हसण्यावारी नेलं. भाच्याच्या प्रश्नानंतर मात्र माझी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी येऊन बसली. महालक्ष्मीच्या बाईला मी जे म्हणत होतो, तेच मजल्यावरच्या बाईला म्हटलं होतं. कॅलिफोर्नियातल्या गायिकेला माझ्या ग्रुपवरच्या शेऱ्याने काडीचा फरक पडला नाही. हिला पडला.

दोन्ही जागी बाई आहे, हा योगायोगच का? पुरुष गायक आला असता तर मी एवढा तडकलो असतो? ब्रायन जॉन्सनला तर मी डोक्यावर घेतलाय. याचं उत्तर मला माहीत आहे असं वाटतं, आणि ते मला आवडत नाही.

मग आता काय, सगळं नवं डोक्यावर घ्यायचं? तसंही नाही. नाव तेच ठेवावं की बदलावं, हा प्रश्न मला अजूनही खरा वाटतो. चेस्टरचं ‘नम्ब’ एमिलीच्या तोंडी मला पटत नाही. ऐकताना कान चेस्टरची वाट पाहतात, ही कानांची सवय आहे आणि ती मी खोटी ठरवणार नाही. पण सवय आणि न्याय यांत फरक करायला मी शिकलो नव्हतो. माझी सवय मोडली म्हणजे तिचा गुन्हा झाला, असं धरून चाललो होतो. जे ऐकायला वेळ आणि मेहनत पडते ते ऐकायचा कंटाळा, आणि त्या कंटाळ्याला मी निष्ठा म्हणत होतो. हेही कदाचित अर्धंच असेल.

भाचा गेल्यावर ‘फ्रॉम झीरो’ मी सलग ऐकला, हेडफोन लावून, मधे ग्रुप न उघडता. ‘हेवी इज द क्राउन’मध्ये ती जी आरोळी लांबवते, ती मी थांबून पुन्हा लावली. ‘वन मोअर लाइट’ही ऐकला. तो चांगला अल्बम आहे. 2017 मध्येही तेवढाच चांगला होता. तालमी अजून गुरुवारीच असतात. बुवांच्या सुनेशी मी अद्याप बोललेलो नाही. जिन्यात भेटते, ‘बरे आहात ना’ म्हणते, मी ‘हो’ म्हणतो आणि वर चढतो. तिला काय सांगायचं ते ठाऊक आहे. सांगितलेलं नाही, आणि तोवर या लिहिण्याची किंमत मी फार धरत नाही. एमिली आर्मस्ट्राँग चांगली गाते. बुवांची सूनही चांगली गाते.