ज्याचे दुखणे, त्याला विचारा

नार्नूरसारख्या गावी शब्बाथ शाळेत चिक्की वाटताना एखादे मूल ती नाकारते, तेव्हा आपण त्याला हट्टी म्हणतो. पण क्वचित कोणाला शेंगदाणा जिवावर बेततो, आणि ते प्रथम त्याच्या आईच्या ध्यानात येते. मग या दुखण्याचे संशोधन करणाऱ्यांनी तिच्याकडून मुलाचे रक्त तेवढे घ्यावे, की काय शोधावे हेही तिला विचारावे?

शेजारच्या विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ नंतर सिकलसेलचा अभ्यास केला. पण लोकांना ती आपली मोठी अडचण वाटेना. पुढे राणीताईंनी दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळला. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

कोणी म्हणेल, अडाण्याला शास्त्र काय कळणार? औषध कोणते हे वैद्य जाणतो. कोठे दुखते हे दुखणाराच जाणतो. म्हणून विचारणे हा उपकार नव्हे, ते ऋण आहे. आणि जे सापडेल ते परत जाऊन त्याला सांगितल्यावाचून ते फिटत नाही. बार्तीमय आंधळा आहे हे उघड दिसत असताही प्रभूने त्याला काय हवे ते आधी विचारलेच.