घेतलेली चाकरी सोडताना

मागच्या महिन्यात कीर्तन आटोपले, मंडळी पांगली, तरी एक तरुण मंडपाच्या खांबाशी घुटमळत उभा होता. जवळ येऊन म्हणाला, "महाराज, नोकरी लागून दोनच महिने झालेत. काम मला जमतं, पण माझ्या शिक्षणाचं नाही. दुसरीकडे तसं मिळतंय. ज्यांनी भरवशानं घेतलं त्यांना आता तोंड कसं दाखवू? वाटतं, उद्यापासून जाऊच नये, फोनही उचलू नये."

या गोष्टीत दोन प्रश्न आहेत. सोडावे का, हा एक. आणि सोडावे कसे, हा दुसरा.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने नियत कर्म टाकणे हा तामस, देहाला कष्ट होतील या भयाने टाकणे हा राजस, आणि कर्म करीत राहून आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. यावर कोणी म्हणेल, मग नोकरी सोडणे केव्हाही गैरच! तसे नव्हे. तेथे विषय नियत कर्माचा आहे. आईबापांची सेवा, लेकरांचे पोषण यांना राजीनामा नसतो. चाकरी हा दोघांनी केलेला करार, आणि जाण्याची वाट त्या करारातच लिहिलेली असते. पहिले काही महिने उमेदवारीचे धरतात ते कशासाठी? मालकाने माणूस पारखावा, तसा माणसानेही कामाचा अदमास घ्यावा. त्या वाटेने गेले तर वचनभंग होत नाही. मात्र साहेब एकदा रागावले, पहाटे उठणे जिवावर येते, एवढ्यावरून कोणी निघाला असेल, तर त्याने अंमळ थांबावे. तो कंटाळा पुढच्या नोकरीतही बरोबर येतो.

आता, कसे सोडावे? सुभाषचंद्र बोस १९२० साली विलायतेत आय. सी. एस.च्या परीक्षेत चौथे आले. वडिलांची इच्छा नोकरी करावी अशी, मनाला मात्र परक्या सरकारची चाकरी पटेना. शेवटी २२ एप्रिल १९२१ रोजी त्यांनी भारतमंत्री माँटेग्यू यांना पत्र लिहून उमेदवारांच्या यादीतून नाव काढण्याची विनंती केली. शंभर पौंड भत्ता मिळाला होता, तो राजीनामा मंजूर होताच परत करीन, असेही त्याच पत्रात कळविले. ज्या राज्याशी लढायचे, त्याचासुद्धा हिशोब बाकी ठेवायचा नाही! हा विवेक आपणही घ्यावा.

हे सांगण्याचा अधिकार मला चुकून मिळाला आहे. १९८३ साली एका शाळेत संस्कृत शिकविण्यास लागलो होतो. चौथ्या महिन्यात कीर्तनाची ओढ लागली आणि एके सोमवारी गेलोच नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पुढे कळले, हेडमास्तर स्वतःचे तास सांभाळून माझ्या वर्गाला रूपे पाठ करून घेत होते. कीर्तन धरले याचा पश्चात्ताप नाही, पण त्या सोमवारचा आहे. हेडमास्तर आज हयात नाहीत. क्षमा मागायची राहूनच गेली.

म्हणून त्या मुलाला म्हटले, "बाबा, आधी ज्यांच्या हाताखाली आहेस त्यांना समक्ष भेट. बाहेरून त्यांच्या कानी जाऊ देऊ नकोस. आई आजारी आहे, असं खोटं सांगू नकोस. उद्या खरं कळलं की आईचं नाव गेलं. पत्र चार ओळींचं लिही. कधीपासून जाणार, संधी दिलीत याबद्दल आभार, काम कोणाला सोपवू, एवढं पुरे. उणीदुणी लिहू नकोस. नेमणुकीच्या कागदात जितक्या दिवसांची सूचना असेल तितके दिवस मन लावून काम कर. किल्ल्या, वह्या, रोकड मोजून दे आणि मोकळं केल्याचं पत्र घे. बाहेर पडल्यावर त्या जागेची निंदा करू नकोस."

तो म्हणाला, "आणखी सहा महिने काढून मग सांगितलं तर बरं दिसेल ना?"

म्हटलं, "जायचं ठरलंय ना? मग आजच सांग. तुला शिकविण्यात त्यांचे श्रम आणखी कशाला घालवतोस? तुझ्यामागे ज्याचा नंबर होता, तोही कदाचित अजून मोकळा असेल."

वारकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पहाऱ्यावर वीणेकरी दमतो, त्याला घरी जायचे असते, त्यात कमीपणा काही नाही. पण वीणा जमिनीवर ठेवून तो जात नाही. दुसरा येईपर्यंत उभा राहतो, त्याच्या गळ्यात वीणा घालतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि मग हा निघतो.

आठ दिवसांनी मुलगा पुन्हा आला. साहेब आधी गप्प झाले, मग म्हणाले, "वाईट वाटलं, पण वेळेवर सांगितलंस हे बरं केलंस." महिनाअखेरपर्यंत तो तिथेच जाणार आहे, नव्या माणसाला वह्या समजावून द्यायला.