पोटातील अळी आणि सौद्यातील ऐब



मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावची यात्रा भरते. तेथील बाजारात घोडे आणि गाढवे यांची मोठी उलाढाल होते व नांदेड-लातूरकडील आपले काही बंधूही त्यात असतात. त्यांपैकी एकाने मला विचारले, "मौलाना, घोड्याच्या पुढच्या पायांवरील पिवळी अंडी मी खरवडून काढली. जनावर स्वच्छ दिसते. आता गिऱ्हाइकाला काही सांगणे बंधनकारक आहे काय?"

ही अंडी मधमाशीसारख्या दिसणाऱ्या एका केसाळ माशीची. घोडा पाय चाटतो, तेव्हा अळ्या तोंडात शिरतात, पुढे जठरात उतरतात आणि आकड्यांनी त्याच्या अस्तराला आठ-दहा महिने चिकटून राहतात. मग लिदीबरोबर पडून मातीत कोष करतात. त्यातून निघणारी माशी काहीच खात नाही. अळीपणी साठविलेल्यावर तिचे थोडे दिवस निभतात. प्रत्येक जिवाचे रिज्क अल्लाहकडे आहे, असे सूरह हूद सांगते. मग अळीचे रिज्क आपण का हिरावावे, असेही कोणी म्हणेल. हा युक्तिवाद मला पटत नाही. तुमच्या खुंट्याला घोडा बांधलेला आहे, अळी नव्हे. मदीनेत एका उपाशी उंटाची व्यथा ओळखून प्रेषितांनी (सल्ल.) त्याच्या मालकाला जाब विचारला होता.

आता मूळ प्रश्न. पाय स्वच्छ झाल्याने पोट स्वच्छ होत नाही. प्रेषितांनी (सल्ल.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तो बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. पाऊस हा त्याचा अपराध नव्हता. ओले धान्य तळाशी दडविणे हा होता. माशी बसली, यात तुमचाही दोष नाही. पण तुम्ही अंडी पाहिली आहेत आणि उदगीरहून आलेल्या गिऱ्हाइकाला फक्त चकचकीत पाय दिसत आहेत. थोड्या अळ्यांनी घोडा सहसा दगावत नाही, हे खरे. तरी तो हिशेब मांडण्याचा अधिकार पैसे मोजणाऱ्याचा आहे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आयव्हरमेक्टिन द्यावे आणि कधी दिले, हेही सांगावे. दिले नसेल तर तेही सांगावे.

"भाव पडला तर?" त्यांनी विचारले. पडेलही. ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या हदीसनुसार बरकत ऐब उघड करणाऱ्या सौद्यात असते, दडविणाऱ्या सौद्यातून ती पुसली जाते.

आणि यापूर्वीच न सांगता जनावर विकले असेल, तर खरेदीदारास ऐब कळल्यावर ते परत करण्याचा हक्क फिक्हने दिला आहे. त्याला आजच फोन करावा. औषध अजूनही देता येते.