उसनी वाणी

१ ऑगस्ट जवळ आला की आमच्या आळीत घरोघरी शेंगांची टरफले पडू लागतात. खरी नव्हेत, लोकमान्यांच्या लहानपणच्या गोष्टीतली. १९२० साली त्या तारखेला टिळक गेले, म्हणून शाळाशाळांतून त्या दिवशी भाषणे होतात, आणि आधीचे आठ दिवस स्वयंपाकघरात, गच्चीवर, न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून मुले ती गोष्ट घोकत असतात. आवाज निरनिराळे, पण वाक्ये सगळी एकाच सोऱ्यातून पडलेल्या चकल्यांसारखी.

दोन वर्षांपूर्वी त्यांतली एक चकली मीही पाडली. मुलगी तेव्हा चौथीत होती. तिचे भाषण मी लिहिले. कुठे थांबायचे, कुठे मूठ आवळायची, कुठे आवाज चढवायचा, हेही मीच बसवले. ती निर्भीडपणे बोलली. समोरचे पालक फोन उंच धरून बसले होते, त्यांत मीही होतो. पहिला नंबर आला. घरी पेढे आले.

रात्री जेवताना माझ्या आईने तिला सहज विचारले, "पण काय गं, तुला काय वाटतं? उचलायला हवी होती का त्यांनी ती टरफलं?"

मुलीने घास हातात धरला आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. "ते बाबांनी लिहिलं नव्हतं," ती म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो, पण तो पेढा मला गोड लागला नाही. अन्यायापुढे मान तुकवू नये, असे पाच मिनिटे ठणकावून सांगणाऱ्या मुलीला आपले मत काय, हे बापाच्या तोंडाकडे पाहून ठरवावे लागत होते. मग मी तिला शिकवले ते काय? धीटपणा, की धीटपणाची नक्कल?

पाठांतराला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. दिवेलागणीला पावकी-निमकी म्हणत आमची जीभ वळली. माझे आजोबा आम्हांला पोथी वाचायला लावत आणि स्वतः ओटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसत. तिथून एकच शेरा येई : "ऐकू आलं नाही." ओरडलो की म्हणत, "ओरडू नकोस, सावकाश वाच." आवाज चढवण्यापेक्षा शब्द सुटा केला की तो लांब पोचतो, हे मला तिथे कळले. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळा, 'मन' वेगळे आणि 'मण' वेगळा, वाक्य संपेपर्यंत श्वास पुरवून वापरायचा, हे सारे त्या ओटीवरच शिकलो. स्पष्ट बोलण्याचे बहुतेक शिक्षण एवढेच आहे आणि ते पाठांतराने उत्तम होते. पण पोथी वाचताना ती आपण रचली असा आव कोणी आणीत नसे. श्लोक म्हणणारे मूल श्लोक म्हणत असते. भाषण करणारे मूल मात्र 'मला असे वाटते' म्हणते, आणि त्याला तसे वाटत असते असे नाही. खोट सुरू होते ती इथे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पोराच्या भाषणात कसला आला खरेखोटेपणा! मला नामदार गोखल्यांची आठवण होते. त्यांच्या शाळेतल्या गणिताची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याच्या मदतीने सोडवलेल्या उदाहरणाची शाबासकी मिळाली तेव्हा ते रडले, असे सांगतात. गंमत म्हणजे याही गोष्टीवर मुले भाषणे करतात, बापाने लिहिलेली, आणि बक्षिसे हसत घेतात. पण मला आठवते ती त्यांची मोठेपणीची हकीगत. १८९७ साली गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यात सोजिरांनी केलेल्या अत्याचारांविषयी इकडून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना. तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. वय एकतीस वर्षांचे. स्वकीयांनी त्याबद्दल त्यांना पुष्कळ सोसायला लावले. माफी मागायला नको होती असे म्हणणारे तेव्हा होते, आजही असतील. मला त्यात दिसते ते निराळेच. माहिती दुसऱ्यांची होती, पण बोललो मी, तेव्हा शब्द माझा, असे त्यांनी मानले. आपल्या शब्दाला माणूस चिकटून राहू शकतो किंवा तो परत घेऊ शकतो. उसन्या शब्दाचे यांतले काहीच करता येत नाही. तो फक्त म्हणून दाखवता येतो.

आणि म्हणून दाखवण्याची सवय आपणच लावतो. पाहुणे आले की, "म्हणून दाखव बरं." पाहुण्यांच्या गप्पांत मूल काही विचारू लागले की, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये." शाळेतून येऊन ते एखादी लांबण लावते, "मग ना, मग काय झालं," तेव्हा आपण म्हणतो, "मुद्द्याचं सांग." त्या 'मग ना'मध्ये त्याचा मुद्दा शोधणे चाललेले असते, तेवढा दम आपल्याला नसतो. माझ्या आईला तो आहे. ती भाजी निवडत ऐकते आणि मध्येच एखादा प्रश्न टाकते. ज्याचे बोलणे घरात कोणी पुरते ऐकून घेतले नाही, त्याला सभेत उभे करून धीट हो म्हणायचे, हा अन्यायच म्हणायचा.

यंदा शाळेत 'आवडता विषय' असा विषय होता. मी काही लिहून दिले नाही. खरे सांगायचे तर दोनदा कागद पुढे ओढला होता. मुलगी बोलली आमच्या इमारतीखालच्या इस्त्रीवाल्यांवर : चिठ्ठी न लावता कोणाचा सदरा कोणाचा हे ते कसे ओळखतात, कोळशाची इस्त्री तापली की नाही हे कसे पाहतात. आजीला सांगून सांगून तिने ते जुळवले होते. सुरुवातीला आवाज बसल्यासारखा झाला. मध्ये एकदा ती अडली, वर पाहून विचार करू लागली. माझा जीव खालीवर झाला. मग ती पुढे बोलू लागली. मागच्या रांगेतून एक मुलगा नियम सोडून ओरडला, "आणि सदरा हरवला तर?" परीक्षकांनी त्याच्याकडे डोळे वटारले, पण ती म्हणाली, "एकदा हरवला होता. त्यांनी पैसे भरून दिले. मी विचारलं होतं त्यांना."

तिचा नंबर आला नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई माझ्याकडे वळून हळहळल्या, "पाठांतर कच्चं राहिलं हो तिचं."

मी म्हटले, "हो, कच्चंच राहिलं."