अर्जदाराचा ‘मी’

व्यवस्थापनशास्त्राच्या नामांकित विद्यालयांत प्रवेश मागणाऱ्याला आज परीक्षेतील गुणांखेरीज एक वैयक्तिक निबंधही सादर करावा लागतो. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसने (स्थापना २००१) आपल्या अर्जात त्याला स्थान दिलेले आहे; अमेरिकी विद्यालयांत तर ही प्रथा जुनीच. स्टॅनफर्डचे व्यवस्थापन विद्यालय कित्येक वर्षे अर्जदाराला विचारीत आले आहे, की तुझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काय आणि का? उत्तर काहीशे शब्दांत द्यावयाचे असते. ते ‘वैयक्तिक’ असावे, ‘सर्जनशील’ असावे, आणि त्यातून लिहिणाऱ्याचे व्यक्तिमत्त्व उमटावे अशी अपेक्षा असते. ठाणे, डोंबिवली, कल्याण ह्या पट्ट्यातील जी मुले अभियांत्रिकीची पदवी घेऊन चारपाच वर्षे नोकरी करतात आणि मग ह्या वाटेला लागतात, त्यांच्यापैकी अनेकांनी शालेय निबंधानंतर स्वतःविषयी असे काही लिहिलेले नसते. महाराष्ट्रातील राज्य सामाईक प्रवेश परीक्षेने त्यांच्याकडून ते कधी मागितलेले नसते. तेथे गुण पुरतात.

हा लेखनप्रकार साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षावा असा नाही. त्याचा बाह्य वेष आपल्या परिचयाचा आहे. फडके, खांडेकर, काणेकर ह्यांनी मराठीत रुजवलेल्या लघुनिबंधाचाच तो वेष होय : प्रथमपुरुषी निवेदन, एखादा साधा अनुभव, त्यातून हळूच उमलणारे चिंतन, वाचकाशी सलगी. परंतु लघुनिबंधाचा वाचक हा मित्र कल्पिलेला असतो. त्याच्याकडून लेखकाला काही मिळवायचे नसते, आणि ह्या निर्हेतुकतेवरच त्या प्रकाराची सारी प्रसन्नता उभी असते. अर्जातील निबंधाचा वाचक निवड करणारा असतो. सलगी तीच, पण ती अधिकाऱ्याशी केलेली. कबुलीजबाब हा ज्याच्यापुढे दिला जातो त्याच्या सत्तेपासून वेगळा काढता येत नाही, हे फूकोने १९७६ साली लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात दाखवले होते. आपल्या परंपरेतही निवेदन आणि श्रोता ह्यांचे नाते असेच निर्णायक राहिले आहे. बहिणाबाईंनी सतराव्या शतकात अभंगांतून आत्मचरित्र सांगितले ते जागा मिळावी म्हणून नव्हे. आणि जो आपली स्तुती आपणच करतो त्याला रामदासांनी दासबोधात मूर्खांच्या यादीत बसवले आहे. ज्या घरांतून हे अर्जदार येतात तेथे हा संस्कार अजून पुरता पुसला गेलेला नाही. स्वतःविषयी चांगले लिहिताना त्यांचा हात अडखळतो तो केवळ इंग्रजी कच्चे म्हणून नव्हे.

ह्या निबंधावर घेतला जाणारा नेहमीचा नैतिक आक्षेप खरेखोटेपणाचा असतो. फिलिप लजन ह्याने १९७५ मध्ये मांडलेल्या ‘आत्मचरित्रात्मक करारा’त लेखक, निवेदक आणि नायक ही एकच व्यक्ती असल्याची हमी वाचकाला दिलेली असते. शुल्क घेऊन निबंध घडवून देणारे सल्लागार आणि आता मजकूर रचून देणारी यंत्रे ह्यांनी ती हमी मोडीत काढली आहे. हे खरे, पण हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेले स्वतःचे म्हणून देणे ही फसवणूक आहे, आणि तिच्या मीमांसेसाठी मोठ्या सिद्धांताची गरज नाही. अवघड प्रश्न उरतो तो ज्याने प्रत्येक वाक्य स्वतः आणि खरे लिहिले आहे त्याचा.

असा एक अर्जदार कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. तो कल्याणपलीकडच्या मोहोन्याचा. वडील आंबिवलीच्या एनआरसी कारखान्यात कामगार होते. २००९ मध्ये कारखाना बंद पडला तेव्हा हा बारा वर्षांचा होता. आईने पोळ्या लाटून देण्याचे काम धरले; पहाटे चारला उठून ती पोळीभाजी केंद्रासाठी शेकड्याने पोळ्या करू लागली. मुलगा शिकला, आंबिवलीहून ठाण्यापर्यंत आणि तेथून ट्रान्स-हार्बर मार्गाने ऐरोलीस असा रोज जाऊ लागला, आणि आता त्याला व्यवस्थापनाच्या विद्यालयात जायचे आहे. निबंधात तो काय लिहील हे सांगणे कठीण नाही. कारखान्याचे बंद होणे हा त्याच्या आयुष्याचा ‘वळणबिंदू’ होईल. आईच्या पोळ्यांतून तो चिकाटी शिकेल, वडिलांच्या बेकारीतून जोखमीचा अर्थ, लोकलच्या गर्दीतून वेळेचे नियोजन. ह्यांतील एकही गोष्ट खोटी नाही. तरीही निबंध वाचून संपल्यावर काहीतरी हिरावले गेले आहे असे जाणवते, आणि काय हिरावले गेले ते नीट सांगता येत नाही.

माझे म्हणणे असे, की येथे मालकीचा प्रश्न उपस्थित होतो. एनआरसी बंद पडणे ही हजारो कामगारांवर आलेली आपत्ती होती. त्यांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. त्या घटनेत कोणाचा तरी दोष होता, कोणाचे तरी देणे होते, आणि ज्यांना ते मिळाले नाही ते अजून तेथेच राहतात. निबंधात शिरताच ही घटना आपला कर्ता आणि आपले देणेकरी दोन्ही गमावते. ती एका मुलाच्या जडणघडणीचे साधन बनते. अन्यायाचे रूपांतर धड्यात होते, आणि धडा ज्याने घेतला त्याच्या नावावर तो जमा होतो. मॅकिन्टायरने १९८१ मध्ये असे प्रतिपादले, की मनुष्याच्या कृतींना अर्थ येतो तो त्याच्या आयुष्याच्या कथनात्म एकतेमुळे, आणि त्याने हेही सांगितले, की आपण आपल्या कथेचे फार तर सहलेखक असतो. अर्जाचा निबंध पहिले विधान घेतो आणि दुसरे सोडून देतो. आयुष्य ही कथा असते हेच मुळात नाकारणाऱ्या गॅलन स्ट्रॉसनचा २००४ चा निबंधही येथे आठवतो. ज्याला आपले आयुष्य तुकड्यातुकड्यांनीच जाणवते अशा माणसाने प्रवेश मिळवू नये काय?

भाषेचा मुद्दाही येथे गौण नाही. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत घेतला जातो. मोहोन्यातल्या घरात कारखाना बंद पडला तेव्हा बोलणे ‘आपलं कसं होणार’ असे झाले असेल. त्या ‘आपलं’मध्ये शेजारी होते, पाळीतले सोबती होते, कदाचित युनियनही होती. इंग्रजीत ह्या दोहोंना एकच सर्वनाम पुरते, आणि निबंधाच्या सल्ल्यांत तेही टाळावे असे सांगितले जाते, कारण निवडसमितीला अर्जदाराने स्वतः काय केले हे हवे असते. ‘आपण’चे ‘आम्ही’ आणि ‘आम्ही’चे ‘मी’ अशी ही उतरंड केवळ भाषांतराने घडून जाते. लिहिणाऱ्याला ती घडल्याचे कळतही नाही.

लोकलच्या गर्दीचे पाहा. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसे उभी राहतात त्या स्थितीला रेल्वेने एक पारिभाषिक नावच दिले आहे. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा ह्यांच्या दरम्यान भरलेल्या गाड्यांतून माणसे खाली पडली, काही मृत्युमुखी पडली. ज्याने त्याच मार्गाने रोज प्रवास केला आहे असा अर्जदार ‘गर्दीने मला लवचीक बनवले’ असे लिहितो तेव्हा तो खोटे बोलत नाही. तो बनलाही असेल. पण हे वाक्य ज्या प्रकारचे आहे त्या प्रकारच्या वाक्याला जे पडले त्यांच्यासाठी जागाच नसते. पडलेल्याचा निबंध कोणी वाचणार नाही. आणि उरलेल्याच्या निबंधात गर्दी ही नागरी व्यवस्थेची नामुष्की न राहता चारित्र्यघडणीची शाळा ठरते. (ही शाळा चालू ठेवण्याचा खर्च कोणाचा, हे विचारण्याचे शिक्षण व्यवस्थापनाच्या विद्यालयात मिळावे अशी आशा करायला हरकत नाही.)

येथवर आल्यावर एक सोपा निष्कर्ष खुणावतो : ‘मी’ वाईट, ‘आम्ही’ चांगला. तो नाकारलाच पाहिजे. मराठी साहित्यात ‘मी’ म्हणण्याचा अधिकार ज्यांना शतकानुशतके नव्हता त्यांनी तो मिळवला, आणि आपल्या गद्याचा चेहरा त्यामुळे पालटला. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) ह्यांच्यापुढे ‘आम्ही’चे गोडवे गाणे हे वरच्या जातींचे सोयीस्कर भाबडेपण ठरेल. शिवाय कुटुंबाचा ‘आम्ही’ ज्यांना झाकतो त्यांत पहिला क्रमांक आईचा असतो. पहाटे चारला ‘आम्ही’ उठत नव्हतो; ती उठत होती. ज्या निबंधात निदान तिचे उठणे नोंदवले गेले त्याने घराच्या मौनापेक्षा काहीतरी अधिक केले, हे मान्य करावे लागते.

तर मग ‘बलुतं’मधील ‘मी’ आणि अर्जातील ‘मी’ ह्यांत भेद कोठे आहे? आपल्या माणसांचे जिणे चव्हाट्यावर मांडल्याचा आक्षेप दलित आत्मकथनांवरही घेतला गेला होता. म्हणजे दुसऱ्याच्या दुःखावर लेखकाचा हक्क किती, हा प्रश्न तेथेही होताच. परंतु ‘बलुतं’ची रचना आठवावी. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. सांगणारा आणि लिहिणारा एकच असूनही दोन आहेत. मागे राहिलेला आणि पुढे आलेला ह्यांच्यामधली फट संहितेने उघडी ठेवली आहे. पुढे आलेल्याला त्या फटीची लाज आहे, आणि ती लाजही लिहिली गेली आहे. अर्जाच्या निबंधाला नेमकी हीच फट बुजवायची असते. मोहोन्याचा बारा वर्षांचा मुलगा आणि ऐरोलीचा सत्तावीस वर्षांचा अभियंता ह्यांच्यामध्ये एक अखंड चढण दाखवावी लागते. वर पोचल्यावर खाली पाहताना काय वाटते ह्याला तेथे वाव नसतो. कृतज्ञता तेवढी चालते.

ह्या संदर्भात आपल्याकडच्या एका रुक्ष कागदाची बाजू घ्यावीशी वाटते : जातीचा दाखला. तो मिळवताना काय यातायात पडते हे ठाण्या-कल्याणच्या पालकांना सांगायला नको. पण राखीव जागेवर प्रवेश मागणाऱ्याला राज्यसंस्था असे म्हणत नाही, की तुझा अपमान कसा झाला ते सांग, त्यातून तू काय शिकलास तेही सांग, आणि ते रोचक कर. दाखला हक्क सिद्ध करतो आणि गप्प राहतो. अमेरिकेत २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात वंशाधारित प्रवेशपद्धती रद्द केली. मात्र वंशाने आपल्या आयुष्यावर कसा परिणाम केला हे अर्जदाराने निबंधात सांगितले तर ते व्यक्तीचा गुण म्हणून विचारात घेता येईल, असेही त्या निकालपत्रात म्हटले आहे. म्हणजे समूहाची हानी ही समूहाची हानी म्हणून ऐकली जाणार नाही. एका धैर्यवान व्यक्तीची गोष्ट म्हणून ऐकली जाईल. तो निकाल व्यवस्थापन विद्यालयांपुरता नाही, पण वैयक्तिक निबंधाची जी नीती आपण पाहत आहोत तिचे इतके उघड विधान दुसरीकडे क्वचितच सापडेल. हक्काच्या जागी हृद्यता आली, की ज्याला सांगता येते तो जिंकतो. डोंबिवलीसारख्या, २०१७ मध्ये साहित्य संमेलन भरवणाऱ्या आणि वाचनालये जपणाऱ्या शहरातल्या मुलाला ते थोडेफार येत असेल. मोहोन्याच्या मुलाला ते विकत घ्यावे लागते.

तरीही त्याने अर्ज करूच नये असे सुचवण्याचा अधिकार, ज्याला असा अर्ज कधी करावा लागला नाही, त्याला नाही. प्रश्न त्याच्यापुढे असा आहे, की मागणी अयोग्य असतानाही तिला दिलेले उत्तर प्रामाणिक कसे राहील. ट्रिलिंगने १९७२ च्या आपल्या व्याख्यानग्रंथात प्रांजळपणा आणि अस्सलपणा ह्यांत जो भेद केला तो येथे मर्यादित उपयोगाचा आहे, कारण दोन्हींचे माप लिहिणाऱ्याच्या अंतरंगातच शोधले जाते. हवे आहे ते बाहेरचे माप, आणि ते घरातच आहे. निबंध इंग्रजीत आहे. जिच्या आयुष्यावर तो उभा आहे ती तो वाचू शकत नाही. पाठवण्यापूर्वी त्याने तो तिला मराठीत सांगून पाहावा. काही शब्द जागच्या जागी गळतील, कारण त्यांना त्या घरात प्रतिशब्द नाहीत. काही वाक्ये त्याला स्वतःलाच मोठ्याने म्हणवणार नाहीत. आणि पोळ्यांच्या वाक्याशी आल्यावर ती कदाचित त्याला थांबवील : पोळ्या लाटल्या त्या कर्ज होते म्हणून, त्यात तुझ्या शिक्षणाइतकाच तुझ्या बहिणीच्या दुखण्याचा खर्च होता, आणि त्या पंधरा वर्षांत तिला त्यातून काही शिकायला मिळाले असे तिला वाटत नाही, मनगट मात्र अजून दुखते. हे सर्व लिहिले तर शब्दमर्यादा ओलांडली जाईल.