‘उपाशीपोटी ये’ कुणी शिकवलं?

रजिस्टर खाली ठेव आणि माझ्याकडे बघ. ‘जेवून आल्याने साखर तपासली नाही, उद्या उपाशीपोटी बोलावले’ हे अक्षर तुझंच ना? बाईला 26वा आठवडा. वाडीवरून तासभर चालत फाट्यावर आली, तिथून एसटीने इथवर, मजुरी बुडवून. आणि भाकरी खाल्ली म्हणून तू तिला परत पाठवलंस!

पोटुशीला उपाशी चालत ये म्हणायला तुझी जीभ रेटली कशी? वर्गात दोनदा शिकवलंय मी. जेवलेली असो, नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायला द्यायचं. दोन तासांनी रक्त तपासायचं. साखर 140 किंवा त्याहून जास्त आली, तर तो गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडलं, तरच दुसरा दिवस. आपल्याकडे उपाशीपोटाची अट ठेवली नाही, कारण परत पाठवलेली बाई परत येतेच असं नाही. एवढी सोय करून ठेवलेली आणि तू तिचीच माती केलीस.

वर लिहितेस, ‘लघवीत साखर नाही.’ लघवीच्या पट्टीवर हे निदान होत नाही! मधुमेह असूनही पट्टी कोरी राहते, आणि नसतानाही गरोदरपणी लघवीत साखर उतरू शकते.

‘पहिल्या भेटीत नॉर्मल होतं,’ हे तर सांगूच नकोस. दिवस वाढतात तशी वारेतली संप्रेरकं इन्सुलिनचा जोर मोडतात. म्हणून 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा तपासायचं. आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते. इन्सुलिन जात नाही. बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, अंगाने फोफावतं, बाळंतपणात खांदा अडकू शकतो. नाळ कापली की साखरेचा पुरवठा तुटतो, इन्सुलिन मात्र अंगात असतं. त्या बाळाची साखर झपकन खाली येते. आणि हे सगळं बाईला काहीही त्रास जाणवत नसताना! तपासल्याशिवाय कळणार कसं? आधी कळलं, तर पुष्कळजणींचं आहार आणि चालण्यावर भागतं; नाही भागलं, तर औषध आहे.

रडू नकोस. उद्या सकाळी आशाताईंना घेऊन वाडीवर जा. ग्लुकोजचा पुडा, मोजपात्र, ग्लुकोमीटर घे. आधी तिची माफी माग, मग जेवलीस का विचार. नसेल जेवली, तर ती तुझ्यामुळे, हे ध्यानात ठेव.